बाकावरची विठाबाई

अण्णारावांनी फोन छातीशी धरला आणि आपलं तिकडे लक्षच नाही असं दाखवत बटण दाबलं. टोरोंटोतला बसथांबा, काखेत पाव धरून चाललेला माणूस, सायकलवरची पोरगी, सगळं फोटोत आलं. बाक मात्र रिकामा. लाल टोपीवाली म्हातारी आजही आली नव्हती.

अनोळखी माणसांसमोर फोन धरायची त्यांना लाज वाटे. त्यांनी पाठवलेले रोजचे फोटो बघून बायको, केवळाबाई, कंधारहून चिडवायच्या, "समद्यांच्या पाठीच काढता व्हय? तोंडं न्हाईत का तिथल्या लोकांला?" तोंड दिसायचं ते एकट्या या म्हातारीचं. तिला विठाबाई हे नाव केवळाबाईंनीच ठेवलेलं. रोजचा पहिला प्रश्न ठरलेला, "आली का इठाबाई?"

होळी झाली तसे अण्णाराव मुलाकडे आले होते, आणि इथंच हृदयाचं ऑपरेशन निघालं. विमानात बसायची परवानगी अजून मिळाली नव्हती. गेले काही दिवस केवळाबाईंचा आवाज बंद होता. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय, असं लेक ऋतुजा सांगायची. रोज सकाळी आईचा एक फोटो तेवढा पाठवायची.

घरी आल्यावर त्यांनी एक जुना फोटो शोधून काढला. बाकावर विठाबाई होती, पण मागचं झाड बिनपानांचं; आता तर ते पानांनी भरलं होतं.

"भागवत, एवढं झाड काढता येतंय का रे? बाई दिसली न्हाई तर तुझी आई जिवाला लावून घेती."

भागवतनं फोन हातात घेतला. दोन बोटांनी झाड कापून दिलं. हात सरावलेला दिसला.

संध्याकाळी, म्हणजे कंधारच्या सकाळी, ऋतुजाचा फोटो आला. केवळाबाई अंगणात बसलेल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. खाली लिहिलं होतं, 'आजचा. आई बरी आहे.'

अण्णारावांनी चष्मा पुसला. फोटोच्या अगदी कडेला बाजेचा कोपरा दिसत होता. बाजेवर जुनं धोतर, आणि धोतरावर उन्हात टाकलेल्या कुरडया.

तिकडे श्रावण लागला होता. पाऊस उघडायचं नावच घेईना, असं परवाच ऋतुजा म्हणाली होती.

"काय म्हणती आई?" भागवतनं आतून विचारलं.

त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"बरी हाय."

दुसऱ्या दिवशी थांब्यावर त्यांनी पहिल्यांदाच फोन सरळ डोळ्यांपुढे धरला. लोक बघत होते. बघू दिलं. घरी येऊन तो फोटो त्यांनी भागवतपुढे ठेवला.

"हा पाठव आईला."

"ह्यात तर कुणीच न्हाई की, अण्णा. नुसता बाक हाय."

"हाव," ते म्हणाले. "काही कापू नको. तसाच जाऊ दे."

भागवतचं बोट काचेपर्यंत गेलं, आणि तिथंच राहिलं.