अमारोचं वजन

"घाल सुरी. घाल आत," दोना फिलोमेना म्हणाली.

तिबेरिओने लोण्याची सुरी टब आणि टाइल्सच्या मधल्या फटीत घातली. पातं सहज आत गेलं आणि पांढऱ्या ग्राउटचा, म्हणजे टाइल्सचे सांधे भरायच्या सिमेंटचा, तुकडा टबात पडला.

"घर जुनं आहे, दोना. हलतं जरा." पोर्तुगीज रीतीने तो तिला आदराने दोना, म्हणजे बाई, म्हणायचा.

"नाचता येईना अंगण वाकडं! घर शंभर वर्षं उभं आहे. एप्रिलमध्ये हात लावलास तो तू."

तिबेरिओ मेदेइरोस अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावात तीस वर्षं टाइल्स बसवत होता. त्यातली पहिली अकरा फिलोमेनाच्या नवऱ्याच्या, अमारोच्या, हाताखाली गेली. अमारो जाऊन दोन वर्षं झाली होती. बाथरूम नवं करताना तिबेरिओने सगळं उखडलं, पण अमारोने स्वतः रंगवलेल्या निळ्या टाइल्सची ओळ जागची हलू दिली नाही. आता बोस्टनहून लेकीचं, कॉनीचं, फर्मान आलं होतं. सोमवारी दुसरा माणूस येणार, टाइल्स फोडून काढणार आणि भिंतभर प्लास्टिकचे पत्रे लावणार. त्या ओळीचे तुकडेच होणार होते.

तिबेरिओने सुरी पुसली. चूक त्याला पहिल्या नजरेतच कळली होती.

"चुकलं माझं. तेव्हा नळ जोडले नव्हते, रिकाम्या टबावरच काम उरकलं. वर तुम्हाला पांढरंशुभ्र हवं म्हणून सांध्यातही ग्राउट भरलं. ते ताणलं जात नाही, तडकतं. तिथे रबरासारखं ताणणारं सिलिकॉनच हवं."

"आणि अमारो काय शिकवून गेला होता?"

अमारो टब काठोकाठ भरायचा, कपड्यांसकट आत बसायचा आणि खुशाल वर्तमानपत्र वाचायचा. वजनाने टब दबला, फट पुरती उघडली, की मग तिबेरिओने ती भरायची. "आंघोळ पाणी करत नाही, माणूस करतो!" असं तो ओरडायचा. काम झालं की सिलिकॉन सुकेपर्यंत टबात आपल्या जागी तेवढ्याच वजनाच्या टाइल्स ठेवून घरी जायचा.

तळघरात त्याच्याच उरलेल्या टाइल्स होत्या. तिबेरिओने जुनं ग्राउट खरवडून काढलं, सांधा कोरडा केला, टबात जुने टॉवेल अंथरले. फिलोमेना वजनकाटा घेऊन आली.

"एकशे ब्याऐंशी पौंड," तिने न विचारताच सांगितलं. "शेवटी अमारो फार उतरला होता. पण तू एकशे ब्याऐंशीच ठेव."

तिने एकेक थप्पी काट्यावर तोलून दिली, त्याने टबात रचली. मग पाणी सोडलं. फट केसभर रुंदावली आणि तिबेरिओ मनाशी हसला. एका दमात, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याने सिलिकॉनची रेघ ओढली आणि ओल्या बोटाने दाबून घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवारची प्रार्थना आटोपून तो परत आला. सांध्यावर नख दाबून पाहिलं. कुठे बारीकशीही फट नव्हती.

"कॉनीला सांगा, सोमवारचा माणूस नको."

"सकाळीच सांगितलं. मला डोळे आहेत."

तिबेरिओने बाही वर सारली आणि बूच काढायला पाण्यात हात घालणार, तोच तिने त्याचं मनगट धरलं.

"घाई आहे का तुला?"

"नाही, दोना."

"मग राहू दे. अजून थोडा वेळ बसू दे त्याला."

तिबेरिओने बाही खाली केली.