रहिमाबीच्या घरातलं गाठोडं

उद्या भावकी बसवतो, मग बघू कोण जातंय ते, असं अर्जुनराव ओसरीवर सुपारी कातरत सांगत होते, आणि आत भिवरा घडी घातलेलं लुगडं उलगडून पुन्हा घडी घालत होती. अर्जुनराव तिचे चुलत सासरे. समुद्र ओलांडणाऱ्या बाईच्या घरचं पाणी प्यायचं की नाही, हे आष्टीच्या शिंपी आळीत तेच ठरवणार होते.

नवरा गेल्यावर भिवरानं त्याचं मशीन चालवलं आणि आळीतल्या पोरींना बेतणं-शिवणं शिकवलं. नगरच्या एका कुटुंबानं तिचं काम पाहिलं. ते लोक समुद्रापलीकडं आफ्रिकेत, झांजिबारला राहत. तिथल्या आपल्या मुलींना वर्षभर शिवण शिकवायला येता का, असं त्यांनी विचारलं आणि भिवरा हो म्हणून बसली. बाईमाणसाला शिकवायला बोलावतात, तेही आगबोटीनं, याचा तिला केवढा आनंद झाला होता! परवा आळीतल्या सटवाची बैलगाडी तिला नगरला पोचवणार होती.

धास्ती होती ती सासूची. चंद्रभागाबाईची उभी हयात वैधव्यात गेली होती. कुणी गावाला निघालं की अपशकुन नको म्हणून ती आपण होऊन दाराआड उभी राही. मुलगा, म्हणजे भिवराचा नवरा, कापड आणायला जालन्याला निघाला तेव्हाही ती दाराआडच होती. तो तिकडंच प्लेगात गेला. असली बाई सुनेची बाजू काय घेणार? झांजिबारचं नाव ऐकल्यापासून तिनं चकार शब्द काढला नव्हता.

आता सासू उठली. तिनं भिवराच्या हातातलं लुगडं ओढून घेतलं, त्यात कात्री, हळकुंड आणि सुपारी टाकून गाठ मारली, आणि गाठोडं काखेत मारून अर्जुनरावांच्या नाकासमोरून बाहेर पडली. थेट शेजारच्या रहिमाबीच्या घरात शिरली आणि गाठोडं तिथंच ठेवून परत आली.

"भावजी, आज बेस्तरवार. दिस चांगला हाय म्हणून मी परस्थान ठिवलं."

अर्जुनरावांचा अडकित्ता थांबला. चांगल्या दिवशी निघणं जमत नसेल, तर जाणाऱ्याचं गाठोडं वाटेवरच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायचं, की माणूस निघालंच असं धरायचं. हा रिवाज त्यांच्याच घरात कडक पाळत. ठेवलेलं प्रस्थान माघारी आणलं तर सगळ्या भावकीचं वाटोळं होतं, हेही तेच सगळ्यांना बजावत.

"मुसलमानाच्या घरी कावून ठिवलं, वैनी?" एवढंच त्यांना सुचलं.

"नगरच्या वाटंला पयलं घर तेच हाय. जाऊन आणता का माघारी?"

अर्जुनराव रुमाल सावरत उठले. दुसऱ्या दिवशी भावकी बसली खरी, पण निघून गेलेल्या बाईला अडवायचं कसं, हे कुणालाच कळेना. पान खाऊन मंडळी आपापल्या घरी गेली.

तुम्ही एकट्या कशा राहाल, असं विचारताना भिवराला रडू फुटलं. तू गेलेली आहेस, आता पाहुणी म्हणून जेव, असं म्हणून सासूनं पाट मांडला आणि वाढायला बसली.

निघायच्या सकाळी रहिमाबीनं गाठोडं आणून गाडीत ठेवलं. वाटेत राखण व्हावी म्हणून तिनं भिवराच्या दंडाला फडक्यात बांधलेलं नाणं बांधलं. सारी आळी गोळा झाली होती. भिवरानं सवयीनं दाराकडं पाहिलं. दाराआड कुणी नव्हतं.

गाडी आळीच्या तोंडाशी आली आणि सटवानं कासरा ओढला. रस्त्याच्या मधोमध, कमरेवर भरली घागर घेऊन, चंद्रभागाबाई उभी होती. आपल्या ओट्यावरून अर्जुनराव बघत होते. सटवाला गाडी पुढं घ्यावी की नाही ते समजेना.

"हाक गाडी," ती म्हणाली. "दाराआड ऱ्हाऊन माझं पोरगं माघारी आलं न्हाई. आता समोर उभी हाय."

गाडी तिच्या अगदी शेजारून पुढं गेली. भिवरा मागं वळून बघत राहिली. वळणापर्यंत तिला दिसत होतं, सासूनं घागर खाली ठेवली नव्हती.