खारं पाणी, गार वारा

मित्रांनो, इराणातल्या काशान गावात, गौहरखानमच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली बसून राहिलेला मी एक जुना पाण्याचा कूलर आहे. अंगाला गंज चढलाय, पोटात मिठाचे खडे आहेत. उन्हाळा दाराशी आलाय, पण मला कुणी उठवलेलं नाही.

तेहरानच्या एका कारखान्यात मी जन्मलो. पत्र्याचं अंग, तळाशी पाण्याची टाकी, तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या ताट्या आणि मधोमध पंखा. पाणी ताट्यांवरून झिरपायचं आणि पंखा बाहेरची झळ आत ओढून तिचा गारवा करायचा. माझं नळकांडं गच्चीतून थेट खालच्या खोलीत उतरतं आणि छतातल्या जाळीशी संपतं. खालचा शब्द न् शब्द त्यातून मला ऐकू येतो. माझ्याकडून मात्र खाली फक्त वारा जातो.

मला घरी आणलं नस्रुल्लाआगांनी, गौहरच्या नवऱ्याने. ते गालिच्यांच्या मागावर नक्षी गाऊन सांगायचे. ते गात आणि विणणाऱ्या बाया त्या सुरावर गाठी मारत. दर वसंतात ते गच्चीवर येत, माझी ताडपत्री काढत, ताट्या बदलत, पंख्याचा पट्टा ताणत, आणि तेव्हाही गातच असत:

दोन लाल एक निळी, मधे पांढरी गं कळी,
वाऱ्या उतर रे खाली, माझी गौहर शिणली.

मग नळकांड्यात तोंड घालून ओरडत, "गौहर, लाव गं! थांब, बंद कर! आता जोरात! आला का वारा?"

"आला, आला! वर्षाची धूळसुद्धा आली! अहो, जरा आधी सांगत जा, भातावर आत्ताच केशर घातलंय मी!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी अशरफखानम हसायची. "आगा, बायकोशी बोलायला गच्चीवर चढावं लागतं वाटतं?"

"खाली मला कोण बोलू देतंय, ताई?"

किती सुखाचे दिवस होते ते! पण मागावरची लोकर हळूहळू आगांच्या छातीत जाऊन बसली. आधी गाणं गेलं, मग गच्चीचा जिना गेला. उन्हाळेही पहिल्यासारखे राहिले नाहीत. दुपारी वीज मंदावायची, माझा पंखा रडतखडत फिरायचा आणि खाली आगांचा श्वास वरवर यायचा.

गेल्या वसंतात त्यांचा मुलगा फरामर्ज तेहरानजवळच्या करज शहरातून आला. मी वरून ऐकत होतो.

"आई, हा डबा वीज मणभर खातो आणि फुंकर चिमूटभर घालतो. यंदा खोली गार राहिली नाही, तर बाबांना मी करजला नेणार."

"मग मीही येते."

"कुठे ठेवू तुला? सासूबाई आमच्याकडेच असतात. दोघांना जागा नाही गं. तुला काय माहीत नाही?"

गौहर म्हणाली, "मग या डब्यालाच शहाणं कर, बाबा."

फरामर्जने मला शहाणं केलं. कमी वीज ओढणारी मोटर बसवली. किसाच्या जागी जाड, जाळीदार ताट्या आणल्या. डोक्यावर बोरूच्या चटईची सावली केली, तापणाऱ्या नळकांड्याला घोंगडी गुंडाळली. मित्रांनो, मी निम्मी वीज घेऊन दुप्पट गारवा देऊ लागलो! आगा भिंतीला टेकून बसत आणि हळूच म्हणत, "गौहर, बागेत बसल्यासारखं वाटतंय." एकदा तर त्यांनी दोन ओळी गुणगुणल्या. वर मी पत्र्यापासून पंख्यापर्यंत शहारलो.

माझ्या तळाशी एक बारीक भोक आहे. त्यातून दोऱ्याएवढी धार सतत वाहून जाते. आमच्याकडचं पाणी खारं. पाणी हवेत उडतं, मीठ मागे राहतं. ते त्या धारेबरोबर बाहेर पडतं. फरामर्जने ते भोक नीट साफ केलं होतं. का, ते आईला सांगायचं त्याला सुचलं नाही.

पुढे पाण्याची टंचाई झाली. नळ दिवसाआड येऊ लागला. गुडघे धरत गौहर वर आली आणि धार पाहून तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई! इथे घोटभर पाण्याला जपायचं, आणि हा गच्ची धुतोय!" तिने अंगभर पांघरायच्या आपल्या फुलाफुलांच्या चादोरची चिंधी फाडली, पिळली आणि भोकात घट्ट कोंबली. मग माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणाली, "आता नुसता गारवा दे हं, राजा."

मला बोलता आलं असतं तर!

मीठ साचत गेलं. ताट्या पांढऱ्या पडल्या, मग दगड झाल्या. वारा आत येईना. नवी मोटर धापा टाकू लागली. खाली आगाही धापा टाकत होते. गौहर ओल्या फडक्याने त्यांची छाती पुसत होती आणि जाळीकडे बघून मला विनवत होती.

भर उन्हाळ्यात फरामर्ज गाडी घेऊन आला. आधी गच्चीवर चढला. ताट्यांवर बोट वाजवून पाहिलं, वाकून चिंधी उपसली. फुलं ओळखू येत होती. कितीतरी वेळ तो ती हातात धरून बसला. मग खिशात घालून खाली गेला.

"मोटर गेली, आई."

"म्हणजे माझं काही चुकलं नाही ना रे?"

"नाही गं. तुझं काय चुकणार?"

आगांना गाडीत बसवलं. गौहरने जाणाऱ्यामागे पाणी ओतलं, तो लवकर परत यावा म्हणून. थेंब थेंब राखणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी अख्खी कळशी रस्त्यावर रिकामी केली. मी वरून पाहत होतो. गाडी वळणावर पोचायच्या आधीच रस्ता कोरडा झाला होता.

आगा परत आले नाहीत. थंडीत करजलाच त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला सावली द्या, त्याच्या ताट्या धुवा, आणि त्याची ती बारीक धार वाहू द्या. ती वाया जात नसते. आणि घरासाठी काही चांगलं केलंत, तर ते का केलं, तेही घरातल्या माणसाला सांगा. माझ्या घरात ते सांगायचं राहून गेलं. आता सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आज सकाळी खाली पावलं वाजली. गौहर जाळीखाली येऊन उभी राहिली. तिचा हात बटणावर असावा; दर वसंतात तिथेच असायचा. वरून कुणीतरी "लाव गं" म्हणायची ती वाट बघत होती.

शेवटी तीच म्हणाली, "अहो, लावू का?"