देवाच्या शेतातली बैलजीभ

बेथसूरला, आमच्या या मिशनच्या गावात, माणूस मेला की त्याला आपली जागा निवडता येत नाही. ज्या क्रमानं मरण येतं त्याच क्रमानं आम्ही मातीत जातो. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं. मळेवाल्याचा दगड आणि मेंढपाळाचा दगड एकाच मापाचा, जमिनीला टेकलेला. दफनभूमीला आम्ही देवाचं शेत म्हणतो. तिथं कुणीही कुणाच्या वर उगवायचं नाही, असं आमचे पाळक सांगतात. सांगतात म्हणजे गातात. त्यांचं अर्धं प्रवचन गाण्यातच असतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात तेवढंच राहतं.

या क्रमानं गिडियन यूर्स्टला जागा मिळाली ती अगदी फाटकाशी. एका बाजूला चर्चची उंच भिंत, डोक्यावर मिशनऱ्यांनी लावलेला जुना ओक. सकाळचं ऊन भिंत अडवायची, दुपारचं ओक. आणि हा माणूस जन्मभर पायरीवर उन्हात बसून पाईप ओढणारा! त्यानं जाताना बायकोला एकच गोष्ट मागितली होती. "सालोमी, माझ्यावर तोडलेली फुलं ठेवू नकोस. मी मेलेला आणि वर तीही मेलेली. काहीतरी जिवंत लाव."

आंटी सालोमी माझी शेजारीण. आमच्या अंगणांमध्ये फक्त एक कुंपण आहे, त्यामुळं तिचा सगळा वैताग मला घरबसल्या ऐकू येतो. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळं गाव कबरी साफ करतं, सजवतं. आणि ईस्टरच्या पहाटे आमचा पितळी वाद्यांचा ताफा गावाला उठवतो, मग सगळे देवाच्या शेतात उभं राहून सूर्य वर येईपर्यंत गातात. त्या पहाटे कुणाची कबर उघडी दिसली, तर मागं राहिलेल्यांची मान खाली जाते. गिडियनची दोन ईस्टर उघडीच गेली होती. नुसता काळा चिखल.

तिनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. आमच्या कारूच्या कोरड्या मुलखात जाड पानांच्या झाडांना तोटा नाही, आणि तिच्या अंगणातली फायखी तर वसंतात अशी फुलायची की रस्त्यानं जाणारे थांबायचे. तीच तिनं आधी लावली. पण फायखीचं फूल ऊन डोळ्यांत गेल्याशिवाय उघडत नाही. सावलीत तिच्या फांद्या उजेड शोधत पांढऱ्याफटक लांबत गेल्या आणि कळ्या मिटलेल्याच गळाल्या. मग स्पेकबोमचं झुडूप लावलं. त्यानं आठवड्याभरात सगळी पानं टाकली.

"आपल्याच माणसाच्या डोक्यावर मी काठ्या रोवल्यात, याकोब," ती कुंपणावरून म्हणाली. "काठ्या!"

"ओकची एखादी फांदी छाटायला सांगा चर्चच्या मंडळींना."

"सांगितलं. म्हणाले, तो ऐतिहासिक आहे. माझा नवरा ऐतिहासिक नाही वाटतं!"

मग एके दिवशी तिला आपलं बालपण आठवलं. लहानपणी ती डोंगरावर शेळ्या राखायची. तिथं सगळीच जाड पानं काही उघड्या उन्हात नसतात. काही जाती काटेरी झुडपांच्या पोटात, गवताआड, दगडांच्या फटीत लपून राहतात. त्यांना ऊन मिळतं ते पाझरून, चाळणीतून पडल्यासारखं. एक म्हणजे बैलजीभ, लांब, खरखरीत, ठिपक्यांची. दुसरी ती बुटकी, जिच्या पानांच्या टोकांना काचेसारखी खिडकी असते आणि तेवढ्यातूनच ती उजेड पिते. डोंगरावरून उपटून आणायला बंदी आहे, पण आणायचं कारणच नव्हतं. तिच्या स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या खिडकीत, तिच्या आईच्या कुंडीत दोन्ही जाती वर्षानुवर्षं दाटीवाटीनं बसल्या होत्या. पिल्लांवर पिल्लं घातलेली.

"इतकी वर्षं भांडी घासताना यांच्याकडं बघतेय," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आणि शोधतेय कुठं, तर अंगणात!"

तिनं पिल्लं सुटी केली, जखम सुकायला कागदावर पसरून ठेवली, मग नेऊन लावली. पाणी जवळपास दिलंच नाही. सावलीत माती सुकत नाही, हे तिला ठाऊक होतं.

महिनाभरानं ती माझ्या दारात उभी. हातात एक बैलजीभ. बुडाशी पिवळी, मऊ, वास मारणारी.

"कुजली. मी थेंबभर पाणी घालत नाही आणि ही पाण्यानं कुजली! कुणीतरी घालतंय याकोब. ही बेट्टीच असणार."

आंटी बेट्टी तिची बालमैत्रीण आणि सुगीच्या जत्रेत फुलांच्या बक्षिसाची कायमची प्रतिस्पर्धी. "ती कशाला घालेल?" मी म्हणालो.

"मला हरवायला. मेलेल्याच्या अंगणातसुद्धा!"

तेव्हा शनिवारी दुपारी आम्ही दोघं भिंतीआड बाकावर पाळतीवर बसलो. मी सोबत ताफ्यातला माझा ट्रॉम्बोन घेतला होता, म्हणजे कुणी विचारलं तर सराव चाललाय म्हणता येईल. बेट्टी आलीच नाही. आला तो म्हातारा ओम आपोल; ओम म्हणजे आमच्याकडं काका. त्यानं बायकोच्या कबरीवर झारी धरली, टोपी काढून उभा राहिला, मग परत निघाला. फाटकाशी थांबला, झारी हलवून पाहिली आणि उरलेलं पाणी गिडियनवर ओतलं.

"घे गिडियन. आज तापलंय फार."

त्याच्यामागून शिक्षिका आली, तिनंही ओतलं. मग सुताराची सून, मग दोन बहिणी. देवाच्या शेतातून पाणी परत घरी न्यायचं नाही, ही आमची रीत. जे उरेल ते शेवटच्या कबरीला. आणि फाटकाशी शेवटचा कोण, तर गिडियन. टोपी काढतो तितक्या सहज आम्ही सगळे हे करतो, त्यामुळं आजवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सालोमीच्याही नाही.

 मग ती रडेल असं मला वाटलं, पण ती रागानं लाल झाली होती, आणि राग काढायला माणूसच सापडत नव्हता.

"सांगून टाका ना सगळ्यांना," मी म्हणालो.

"काय सांगू? माझ्या नवऱ्यावर माया करू नका म्हणून? त्या आपोलला डोळ्यांनी धड दिसत नाही, तरी चालत येतो आणि याला दुपार तापली म्हणून पाणी पाजतो. त्याच्या हातातली झारी काढून घेऊ?" तिनं मुठीनं बाकावर मारलं. "बेट्टी असती तर किती बरं झालं असतं!"

बेट्टीला हे कळल्यावर ती पोट धरून हसली. "सोपं आहे गं. पुढचा मेला की तो होईल शेवटचा. पण माझ्याकडं बघू नकोस हं, मी बायकांच्या बाजूला."

मग सालोमी मंडळींकडं गेली. कबरीभोवती दगड लावून वीतभर उंच वाफा करू द्या, म्हणजे पाणी निथळेल. मंडळींतले ज्येष्ठ ब्रदर योनास, आडनाव फेब्रुवारी, यांनी चष्मा पुसला.

"सिस्टर, आज वीतभर, उद्या ओटा, परवा मनोरा. इथं कुणी वर नाही, कुणी खाली नाही."

"मग मी खाली जाते. उंचीचा नियम आहे, खोलीचा आहे का?"

ब्रदर योनासांनी चष्मा परत चढवला. "खोलीचा... नाही. पण हातभरच. भाऊ गिडियनला धक्का लागता कामा नये."

"त्याला झोपेत धक्का लागत नाही. सगळा संसारभर मी कोपरानं ढोसून पाहिलंय."

ती काळी चिकट माती आम्ही दोघांनी उकरली. तळाला नदीतले गोटे, वर खडी, वर भरड वाळू आणि चिमूटभर ओकच्या कुजलेल्या पानांचा चुरा. ब्रदर योनास दोरी घेऊन आले आणि कबर शेजारच्या कबरीशी सपाट आहे याची खात्री करून गेले. आईच्या कुंडीतली उरलेली सगळी पिल्लं सालोमीनं लावली. कुंडी रिकामी झाली. ही गेली असती तर पुढं लावायला काही नव्हतं.

आणि मग आला ईस्टरचा शनिवार, वर्षातला सगळ्यात पाण्याचा दिवस. सगळं गाव झाऱ्या घेऊन आलेलं. सालोमी मसाल्याच्या आंबट मासळीचं भांडं घरी तसंच टाकून दिवसभर फाटकाशी उभी राहिली. जो तो जाताना ओतत होता आणि तिला आशीर्वाद देत होता. ती दात आवळून "देव भलं करो, देव भलं करो" म्हणत होती, आणि प्रत्येक झारीगणिक तिचा आवाज खाली उतरत होता.

पहाटे आम्ही वाजवत आलो. सूर्य डोंगराआडून निघाला तसे दगड एकेक करून उजळले, फुलं, शिंपले, ताजा चुना, सगळं लखलखलं. आपला प्रभू उठला आहे, हे आमच्या पाळकांनी इतक्या गोड उंच सुरात धरलं की माझ्या ओठांना ट्रॉम्बोन लावायचं भान राहिलं नाही. फक्त फाटकाजवळचा कोपरा काळोखात होता. भिंत उभी, ओक उभा. लोक गिडियनवरून नजर फिरवून पुढं गेले. त्यांना तिथं काहीच दिसलं नाही.

"कुणी बघितलंसुद्धा नाही!" प्रार्थना संपताच सालोमी फणफणली. तिनं बेट्टीची बाही धरून तिला मागं ओढलं. "वाक. हात लाव."

"माझे गुडघे गं—"

"वाक म्हणते ना!"

बेट्टी कण्हत वाकली, अंधारात चाचपलं. "घट्ट आहे की. बुडाशीसुद्धा. अगं, मधून नवं पान फुटतंय!" तिचा चेहरा खरंच उजळला. आनंदाच्या भरात तिनं शेजारी ठेवलेली आपली बरणी उचलली आणि आतलं पाणी सवयीनं गिडियनवर रिकामं केलं.

"बेट्टी! पाणी नको! त्याला पाणी नको! कुणीच घालू नका गं त्याला पाणी!"

सगळं गाव फाटकात थबकलं. ईस्टरच्या पहाटे देवाच्या शेतात कुणी असं ओरडलं नव्हतं. सालोमीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बेट्टीनं घातलेलं पाणी मात्र वाळूत केव्हाच उतरून गेलं होतं.

ओम आपोल काठी टेकत पुढं आला. त्याच्या हातात झारी होती. "मग आधी का नाही सांगितलंस, लेकरा?"

"कसं सांगणार, ओम?"

 तो कबरीपासून चार पावलं लांब गेला, झारी वाटेवरच्या धुळीत हळूहळू उपडी केली आणि टोपी काढून म्हणाला, "माफ कर गिडियन. बायको नको म्हणते."

आधी बेट्टी हसली, मग सगळेच. पुढच्या शनिवारी निम्मे लोक विसरलेच, आणि कुंपणापलीकडून सालोमीचा आवाज मला पुन्हा ऐकू आला. पण आता ती रस्त्यानं परतणाऱ्यांना नावं घेऊन ओरडत होती.