खुर्चीतला योस्ट

योस्टला फणीवाल्यांच्या संघाच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बसवला तो मी. लोक म्हणतात, सहा उस्तादांनी बसवला. पण त्यातला सहावा माझ्या हातगाडीवरून आला होता, तेव्हा या मूर्खपणाचं श्रेय मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

माझा नवरा एन्ड्रेस शिंगाच्या फण्या करायचा. मीही करायचे, फक्त शिक्का त्याचा असायचा. शिंग उकळून चपटं करणं, दाबाखाली थंड करणं, दाते कापणं, त्याला येत होतं ते सगळं मला येत होतं. तो गेला तेव्हा नियमाप्रमाणे मला एक वर्ष आणि एक दिवस मिळाला. तेवढ्यात धंद्यातल्या कामगाराशी लग्न करायचं, नाहीतर दुकान बंद. माझ्याकडचा एकुलता एक कामगार माझ्या धाकट्या जावयापेक्षाही लहान. मुदत वाढवून मिळायची, पण त्यासाठी संघाच्या सभेत एखाद्या उस्तादाने उठून विधवेचा अर्ज मांडायला हवा.

एन्ड्रेसचा जिवलग मित्र योस्ट मांडणार होता. वसंतातल्या सभेत मांडा म्हटलं तर म्हणाला, आत्ता नको, प्रमुख लीनहार्ट आडवा येईल. उन्हाळ्यातल्या सभेलाही तेच. मग एका रविवारी माझ्याच घरचं हंसाचं मांस चापत म्हणाला, "वहिनी, या मार्टिनच्या सणाला निवडणूक आहे. मी प्रमुख झालो की तुमची काळजी मिटली."

मी मान डोलावली आणि त्याला आणखी वाढलं.

सण आला तेव्हा माझ्या मुदतीचे चार दिवस उरले होते. उस्ताद अकरा. स्वतःला धरून पाच योस्टचे, तसेच पाच लीनहार्टचे आणि अकरावे फाइटबाबा, पाय सुजून सुगीपासून घरात पडलेले. मतं समसमान झाली तर जुनाच प्रमुख राहतो. मत स्वतः येऊन द्यायचं, निरोप चालत नाही. म्हणून मी शिंगांची हातगाडी घासून धुतली, तीत गवताची गादी घातली आणि म्हाताऱ्याला उचलून बसवलं. वास काही गेला नव्हता.

"पोरी, मलाही उकळून चपटा करणार की काय?" फाइटबाबांनी भर रस्त्यात विचारलं.

"आधी योस्टला मत द्या, मग बघू," मी म्हणाले.

सगळी गल्ली हसली. मीही हसले, आणि तेच आता जास्त डाचतं.

सभागृहात बाईने जायचं नाही. जिची मुदत संपत आलीय त्या विधवेला तेवढं उंबऱ्यापर्यंत येऊ देतात. आत मेजावर संघाची पेटी असते. तिचं झाकण उघडलं की टोप्या उतरवायच्या, सुऱ्या बाहेर ठेवायच्या, आणि झाकण मिटेपर्यंत आत जे चालेल ते बायकोलाही कधी सांगायचं नाही. एन्ड्रेसने तीस वर्षांच्या संसारात एक अक्षर सांगितलं नाही. त्याचा मला केवढा अभिमान होता!

झाकण उघडलं. प्रत्येकाने शिंगाचा एक तुकडा सुरईत टाकला, योस्टसाठी पांढरा, लीनहार्टसाठी काळा. सुरई उपडी केली. पांढरे सहा. लीनहार्ट उठून बाकावर गेला, योस्ट खुर्चीत बसला. मला उंबऱ्यात रडू आलं. सुटले, असंच वाटलं मला.

मग योस्टने काठी आपटून विचारलं, कोणाला काही मांडायचंय का? मी त्याच्याकडे पाहत होते, तो बाकांकडे. कोणी उठलं नाही. फाइटबाबा शेगडीजवळ घोरत होते. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. योस्टला मत देणारे बाकीचे चौघे आपापल्या टोपीत बघत बसले. माझं दुकान बंद झालं की गिऱ्हाइकं कोणाकडे जाणार, ते त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्यांदा विचारून त्याने झाकण लावलं.

"भावोजी, अहो बोला ना," मी उंबऱ्यातूनच म्हणाले.

उत्तर लीनहार्टने दिलं. "त्याला बोलता येत नाही, वाल्पुर्गाबाई. खुर्चीतल्याने फक्त विचारायचं असतं. अर्ज बाकावरच्यांनी मांडायचा." टोपी डोक्यावर ठेवत तो थांबला. "म्हातारा घरी राहिला असता तर मी खुर्चीत असतो आणि योस्ट बाकावर."

त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. फाइटबाबांना मी तसंच ढकलत घरी आणलं. वाटेत ते विचारत होते की झालं ना पोरी तुझं काम. मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी सकाळी योस्ट काठी घेऊन दारात उभा. बंद झालेल्या दुकानाची पाटी प्रमुखाने स्वतः उतरवायची असते. माझी पाटी म्हणजे एन्ड्रेसने कोरलेली हातभर लांब लाकडी फणी.

"वहिनी, शिडी आहे का?"

मी शिडी आणली. भिंतीला लावली. मग विचारलं, "खुर्चीतल्याला बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने पाटीकडे पाहिलं, मग शिडीकडे. "एकोणीस वर्षं सभेत बसतोय मी," तो म्हणाला. "वाटलं होतं, दुसरं कोणीतरी उठेल."

तो चढू लागला. आमच्या शिडीची चौथी पायरी खिळखिळी आहे. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक, त्याला नव्हतं. दुसऱ्या पायरीपर्यंत मी गप्प राहिले. खरं सांगते, तिसरीपर्यंतही.

"चौथी खिळखिळी आहे, भावोजी. तिच्यावर पाय देऊ नका," मी म्हणाले आणि त्याने पाटी उतरवेपर्यंत शिडी धरून उभी राहिले.