पिवळा दिवा विझल्यावर

गॅरेजमध्ये त्याला सगळे नाक्या म्हणत. आईबापांनी नाव दुसरं ठेवलं होतं, पण कमाई नाकाची होती. पेट्रोलची वाफ कुठून निसटते हे तो गाडीभोवती एक फेरी मारून सांगायचा. धूर सोडून गळती शोधणारं यंत्र घ्यायला मालक निघाले, तेव्हा त्यानेच छाती फुगवून विचारलं होतं, "हे नाक असताना कशाला?" खर्च टळल्याचा आनंद मालकांना लपवता आला नव्हता.

पुढे नाक्याला ताप आला, गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. त्याला आता सात महिने झाले होते. नाक्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. यंत्र आलं तर नाकाला कोण ठेवणार? तो सवयीने वाकायचा, हुंगल्यासारखं करायचा आणि बाकीचं गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्कॅनरवर सोपवायचा. स्कॅनर चांगला होता. अभिनयही.

एका सकाळी त्याची थोरली बहीण गाडी घेऊन आली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला. टाकीतल्या वाफा कोळशाच्या एका डब्यात साठतात. त्या डब्याच्या व्हॉल्व्हचं सर्किट तुटलंय, असं स्कॅनरचं म्हणणं. नाक्या गाडीखाली शिरला. व्हॉल्व्हची कॉइल मीटरवर ठणठणीत. एका तारेत बारा व्होल्ट येत होते. दुसरी, कॉम्प्युटरकडे जाणारी, मध्येच तुटलेली. उंदराने कुरतडली होती. त्याने ती सोल्डरने जोडली, टेप गुंडाळली आणि स्कॅनरवरून हुकूम दिला. व्हॉल्व्ह टक् करून वाजला. दिवा विझला.

"पण मागे पेट्रोलचा वास येतोय रे," ताई म्हणाली. "चार दिवस झाले."

नाक्या मागच्या चाकाशी वाकला. दोनदा खोल श्वास घेतला. काचेच्या खोलीतून मालक बघत होते.

"मला तर नाही येत," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"तुला नाही ना? मग नाहीच. तुझे भावोजी म्हणतात, हिला लग्नापासून कसले ना कसले वास येतात."

भावोजींनी सिगारेट सोडली होती. म्हणजे घरात सोडली होती, गाडीत ओढायचे.

गाडी आज इथेच राहू दे, हे वाक्य नाक्याच्या ओठांपर्यंत आलं. मग मालक विचारणार, का? आणि त्याला उत्तर नव्हतं. म्हणजे एकच होतं.

"सावकाश जा, ताई," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ताईने टाकी काठोकाठ भरली, गाडी इमारतीच्या तळघरात लावली आणि पिशव्या घेऊन वर गेली. सोबत आलेले भावोजी गाडीतच थांबले. काचा बंद करून त्यांनी काडी ओढली.

आगीच्या चौकशीला आलेला अधिकारी भला माणूस होता. त्याने लिहिलं: तारेची जोडणी उत्तम, विजेचा दोष नाही. मात्र तारेच्याच चिमट्यात बसवलेल्या, पेट्रोलची वाफ नेणाऱ्या रबरी नळीवर उंदराच्या दातांचं भोक. उंदराला फक्त तारेतच रस असेल, हे नाक्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. नळीवरून हातसुद्धा फिरवला नव्हता. तिथे इतकी वर्षं नाक फिरायचं. मालकांनी अहवालाचं पहिलंच वाक्य वाचलं आणि त्याची झेरॉक्स काचेवर लावली.

भाजलेल्यांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या. भावोजींचे दोन्ही हात आणि चेहरा पट्ट्यांखाली होता. भेटायला येणारा प्रत्येकजण दारातच थबकायचा आणि नाकाला रुमाल लावायचा. नाक्या सरळ खाटेपर्यंत चालत गेला.

ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"ताई, मला त्या दिवशी..."

"कळतंय रे. माझीच चूक. तुला आला नाही म्हटल्यावर मी यांनाही बोलले नाही. तू बाहेर बस. आम्हालाच हा वास सोसवत नाही, तुझं तर नाक."

नाक्याने आजूबाजूला पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.