पंखा पाम आणि शिंदी

२०२१ सालची गोष्ट. खर्ड्याजवळच्या आमच्या मळ्याच्या फाटकाशी माझ्या यजमानांनी, आप्पासाहेबांनी, लावलेला पंखा पाम तेव्हा तिशीला आला होता. नगरच्या नर्सरीतून आणला तेव्हा माझ्या गुडघ्याएवढा; आता शेंडा बघायचा तर डोक्यावरचा पदर घसरायचा.

खालच्या ओढ्यात शिंदीची झाडं होती. त्यांच्या पानांच्या केरसुण्या गावातली रतनबाई बांधायची आणि दिवाळीत सारं गाव त्याच लक्ष्मी म्हणून पुजायचं. पण शेळ्या रोपं उरू देत नव्हत्या, जुनी झाडं वाळत चालली होती. म्हणून २०१९ साली ओढ्यात लांब पात्यांची रोपं दिसली तेव्हा आप्पासाहेब हरखले. "लक्ष्मी परतली," म्हणत त्यांनी प्रत्येक रोपाभोवती बाभळीचे काटे रोवले. दोन वर्षं पाणी घातलं.

वसुबारसेआधी रतनबाई पाला कापायला आली आणि तिथंच बसकण मारून हसायला लागली.

"आप्पा, ह्ये कुनाचं पोर सांबाळलंय तुमी?"

"शिंदी आहे ती."

"शिंदीचा काटा सुईवानी लांब. ह्यो बगा, करवतीचा दात. अन् पानाला पांढरं दोरं सुटल्यात. पंखा अजून फुटला न्हाई, पन वैनी, तुमच्या फाटकावरची अवलाद हाय ही!"

आम्ही तिघं ओढ्यानं चालत गेलो. मैलभर तीच रोपं. दगडांच्या फटीत, बारवेच्या पायरीत, थेट शिंदीच्या बुंध्यात. परतून फाटकाशी वर पाहिलं. बारक्या काळ्या फळांचे पुरुषभर लांब घोस आणि त्यांवर बुलबुलांची झुंबड. तीस वर्षं मी त्या झाडाखालून जात होते. त्या दिवशी त्याचा पसारा बघून आपसूक हात जोडले गेले.

"रोपं उपटू. याला राहू द्या," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

"आय उभी हाय तवर पोरं व्हनारच, शिंदीला जागा उरनार न्हाई. मंग मी केरसुनी कशाची बांधू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांनीच माणसं बोलावली. आधी घोस पोत्यात उतरवून जाळले, मग बुंध्याला करवत लागली. झाड पडलं तेव्हा ओट्यावरची भांडी वाजली. वाळक्या पानांच्या झालरीतल्या घरट्यांतून पाकोळ्यांचा थवा उसळला आणि कितीतरी वेळ रिकाम्या आभाळात तिथंच घिरट्या घालत राहिला. आप्पासाहेबांनी टोपी काढली.

बुंधा पुन्हा फुटला नाही. पडलेलं बी मात्र उगवतच राहिलं.

आप्पासाहेब २०२४ च्या माघात गेले. आदल्या आठवड्यापर्यंत ती रोपं खणायला आणि शिंदीच्या रोपांना काटे रोवायला कुदळ घेऊन ओढ्यात जात होते. रतनबाईची नजर अधू झाली, ती जामखेडला लेकीकडं असते. तीच लेक ज्ञानेश्वरी आता केरसुण्या बांधते, पाला आमच्याच ओढ्यातला नेते. मी ऐंशी ओलांडली. यंदा शिंदीची सतरा रोपं मोजली. पंखा पामाचं एक सापडलं, ते मुळासकट उपटलं.